कॉम्पॅक : ह्यूस्टनची ती कंपनी आणि आपला असेंबल्ड पीसी

पेचकस

मागच्या रविवारी गावच्या घराचा माळा रिकामा करत होतो. जुन्या गोधड्यांखाली एक कीबोर्ड निघाला. मळून पिवळट झालेला, वरच्या कडेला इंटरनेट आणि ईमेलची बटणं, कोपऱ्यात कॉम्पॅकचं नाव. भाचा शेजारी उभा होता. म्हणाला, "मामा, ही टीव्हीवाली कंपनी ना? हे लोक कीबोर्डपण करायचे?"

त्याची काही चूक नाही. २०२० नंतर आपल्याकडे या नावाचे टीव्ही विकायला आले. नाव तेवढं परवान्यावर दिलेलं आहे, मूळ कॉम्प्युटर कंपनीशी त्या टीव्हीचा काडीचा संबंध नाही. पण मी १९९८ पासून आठ-नऊ वर्षं बॅगेत पेचकस आणि मल्टिमीटर टाकून नाशिक-पुण्याच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. त्यातली निम्मी मशीन कॉम्पॅकची असायची. भाच्याचा प्रश्न ऐकून पोटात कालवाकालव झाली. रात्री त्याला सगळं सांगायला बसलो, ते सांगता सांगता वाटलं की इथेही लिहावं.

तेव्हा घरी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न यायचा, ब्रँडेड की असेंबल्ड? ब्रँडेड म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॉम्पॅक प्रेसारिओ. असेंबल्ड म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून कुणीतरी ओळखीच्या पोराने जोडून दिलेला. आपण या दोघांना एकमेकांच्या विरोधात धरायचो. माझं म्हणणं असं की तो असेंबल्ड पीसी आपल्या दारात आला त्याचं मोठं श्रेय कॉम्पॅकलाच जातं. आणि पुढे कॉम्पॅक संपली, तीही त्याच कारणाने.

आता मुळापासून सांगतो. ह्यूस्टनमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत तीन वरिष्ठ मॅनेजर होते : रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो. स्वतःचं काहीतरी करायचं एवढं त्यांचं नक्की होतं, काय करायचं ते ठरत नव्हतं. मेक्सिकन जेवणाचं हॉटेल काढावं इथपर्यंत विचार झाला होता. हरवलेली किल्ली आवाज करून सापडवून देणारं यंत्र, हार्ड डिस्क, असंही बरंच डोक्यात होतं. शेवटी तिघांनी प्रत्येकी १,००० डॉलर घातले आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी सुरू केली. 'हाउस ऑफ पाईज' नावाच्या खाण्याच्या ठिकाणी बसून ताटाखालच्या कागदावर त्यांनी पहिल्या मशीनचं चित्र काढून घेतलं. उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर, आणि आयबीएमच्या पीसीवर चालणारं प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर जसंच्या तसं चालेल.

दुसरी अट नीट लक्षात घ्या, सगळी गोष्ट तिच्यात आहे. उचलून नेता येणारे कॉम्प्युटर तेव्हा होते. ऑस्बोर्न १९८१ पासूनच बाजारात होता. पण त्याचं सॉफ्टवेअर वेगळं. त्या काळी प्रत्येक कंपनीचं मशीन म्हणजे स्वतंत्र संस्थान, एकाची फ्लॉपी दुसऱ्यात घातली तर काही उपयोग नाही. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी आणला तो बाजारात मिळणारे भाग वापरून. प्रोसेसर इंटेलचा, डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं त्यात एकच होतं : बायोस. मशीन चालू केल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला तो छोटासा प्रोग्रॅम. ते कुलूप कायद्याने उघडता आलं तर बाकी सगळं दुकानात विकत मिळत होतं.

कॉम्पॅकने ते उघडलं. कसं, ते कुणी विचारलं तर सविस्तर लिहीन.

बेन रोझन या गुंतवणूकदाराने पैसे दिले (लोटस कंपनीतही त्यांचेच पैसे होते). नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅक पोर्टेबल जाहीर झालं आणि १९८३ च्या सुरुवातीला लोकांच्या हातात पडलं. दोन फ्लॉपी ड्राइव्ह घेतले तर किंमत ३,५९० डॉलर. वजन १२.७ किलो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅस १४.२ किलो असतो, म्हणजे पोर्टेबल म्हणजे केवढं त्याचा अंदाज करा. बंद केलं की शिलाई मशीनच्या पेटीसारखं दिसायचं. झाकण काढलं की तोच कीबोर्ड, आत ९ इंची हिरव्या अक्षरांचा पडदा. पहिल्याच वर्षी अशी ५३,००० मशीन गेली आणि विक्री झाली ११.१ कोटी डॉलरची. तोवर अमेरिकेत कुठल्याच नव्या कंपनीने पहिल्या वर्षात एवढा धंदा केला नव्हता.

मी स्वतः एक पोर्टेबल उघडलंय, २००३ साली. एका छापखान्याच्या मालकांनी हौसेने जपून ठेवलेलं, त्यांच्या भावाने परदेशातून आणलेलं. कीबोर्डच्या निम्म्या कळा लागत नव्हत्या. खोलून पाहतो तर प्रत्येक कळीखाली फोमची एक चकती आणि त्यावर चंदेरी पातळ पत्रा. वीस वर्षांत फोमचा पार भुगा झालेला, बोट लावलं की पीठ. पण आतली चौकट, तारांची बांधणी, एकेक स्क्रू जागच्या जागी. इतकं मन लावून बांधलेलं मशीन मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मालकांना म्हटलं, काका, चकत्या कापून बसवतो, पण हे भंगारात देऊ नका. बाजारातला पातळ फोम आणून पंचने चकत्या पाडल्या. दोन रविवार गेले. डॉस वर आलं तेव्हा काकांनी चहा टाकायला सांगितलं.

१९८४ मध्ये टेबलावर ठेवायचं डेस्कप्रो आलं. आणि सप्टेंबर १९८६ मध्ये कॉम्पॅकने केलं ते त्याहून धाडसाचं. इंटेलचा ३८६ प्रोसेसर तयार होता, पण आयबीएमला घाई नव्हती, त्यांचं आधीच्या २८६ वर बरं चाललं होतं. कॉम्पॅकने न थांबता डेस्कप्रो ३८६ बाजारात आणलं. पीसीची पुढची पायरी आयबीएमच्या आधी दुसऱ्या कुणी चढावी, असं पहिल्यांदाच झालं. सुरुवातीची किंमत ६,४९९ डॉलर होती आणि तरीही लोकांनी घेतलं. तोवर लोक विचारायचे, हे मशीन आयबीएमसारखं आहे का? पुढे इंटेलचा कुठला प्रोसेसर आहे ते विचारायला लागले.

आयबीएमने १९८७ मध्ये उत्तर दिलं ते पीएस/२ आणून. आत मायक्रो चॅनल नावाची नवी बस, म्हणजे जोडकार्डं मशीनला जोडणारा मार्ग. जुनी कार्डं त्यात बसायची नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला ती बस वापरायची तर आयबीएमला रॉयल्टी द्यायची. एकदा उघडलेलं दार पुन्हा लावून घ्यायचा तो प्रयत्न होता. मग कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या. एपसन, एचपी, एनईसी, ऑलिव्हेटी, झेनिथ असे एरवी एकमेकांचे गळे कापणारे लोक. सप्टेंबर १९८८ मध्ये त्यांनी आयसा (EISA) नावाची स्वतःची बस जाहीर केली. तिचा स्लॉट मी हाताळलाय. आतमध्ये दोन मजली संपर्क असतात. जुनं कार्ड घातलं की ते वरच्या मजल्यावर थांबतं. नव्या कार्डाला खाचा असतात, त्यामुळे ते खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरतं. ज्याच्याकडे जुनी कार्डं होती त्याचा पैसा वाया गेला नाही. गिऱ्हाइकाचा एवढा विचार करून बनवलेला भाग पाहिला की मला आजही बरं वाटतं.

एका बैठकीत एवढंच. आयपॅक या कॉम्पॅकच्या तळहातावरच्या कॉम्प्युटरबद्दलही लिहायचंय, पण आधी तुमच्याकडे कॉम्पॅकचं काय काय होतं ते सांगा.

पाटीपेन्सिल

पेचकस दादा, फार सुंदर लिहिलंत. आमच्याकडे २००१ साली प्रेसारिओ आला होता. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले होते. जेबीएलचे स्पीकर होते, आणि काही बिघडलं तर म्हणून सीडीचा एक संच सोबत आला होता. ती सीडी आई देवघरातल्या कपाटात ठेवायची.

एक प्रश्न. आयबीएमच्या बायोसची नक्कल केली म्हणता, मग आयबीएमने कोर्टात कसं नाही खेचलं?

पेचकस

ताई, हाच प्रश्न हवा होता.

त्यात गंमत अशी की आयबीएमने आपल्या बायोसचा सगळा कोड स्वतःच छापला होता. पीसीसोबत जे तांत्रिक मॅन्युअल विकत मिळायचं, त्यात ओळ न् ओळ दिलेली. कुणीही वाचावी. पण त्यावर कॉपीराइट होता. एकदा ते पान वाचलं आणि नंतर स्वतः बायोस लिहायला बसलात की तुम्ही अडकलात, कारण तुमच्या कोडमध्ये त्यांची एक जरी ओळ सापडली तरी नक्कल शाबीत. म्हणजे ते पुस्तक अभ्यासाला उपयोगी होतं तेवढंच धोक्याचंही होतं.

कॉम्पॅकने वकिलांना बसवून दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमचा बायोस उलगडला आणि तो काय काय करतो एवढंच लिहून काढलं. अमुक विचारलं की तमुक उत्तर देतो, एवढंच. तो ते कसं करतो यातलं एक अक्षर नाही. दुसऱ्या गटात असे लोक घेतले की ज्यांनी आयबीएमचा कोड आयुष्यात पाहिलेला नाही. त्यांच्या हातात फक्त ती यादी दिली आणि सांगितलं, असं वागणारा बायोस तुमच्या बुद्धीने लिहा. १५ अनुभवी प्रोग्रॅमर, कित्येक महिन्यांचं काम आणि साधारण १० लाख डॉलर खर्च. या पद्धतीला क्लीन रूम म्हणतात.

शाळेतलं उदाहरण देतो. एका मुलाने गणिताचं पुस्तक वाचून फक्त प्रश्न आणि शेवटची उत्तरं लिहून दिली. दुसऱ्याने पुस्तक न बघता ती उत्तरं येतील अशी रीत स्वतः शोधली. त्याच्या वहीतल्या पायऱ्या त्याच्या स्वतःच्या झाल्या.

ईगल आणि कोरोना या कंपन्यांनी एवढे कष्ट घेतले नाहीत. त्यांच्यावर १९८४ मध्ये आयबीएमने दावे लावले आणि त्यांना बायोस बदलावा लागला. कॉम्पॅकला मात्र आयबीएम या बाबतीत कोर्टात खेचू शकली नाही.

मशीन खरंच तंतोतंत आहे का ते बघायला लोक दोन सॉफ्टवेअर लावायचे, हिशेबाच्या तक्त्यांचं लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर. दोन्ही हार्डवेअरला थेट हात घालायची, त्यामुळे जराही फरक असला की मशीन अडकायचं. कॉम्पॅकवर दोन्ही चालायची.

याच वाटेने १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असा बायोस बनवला आणि कुणालाही विकायला काढला. मग अवॉर्ड आणि एएमआय या कंपन्या. आपल्या असेंबल्ड पीसीवर चालू करताना काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे भराभर चढायचे, वर कोपऱ्यात नाव असायचं ते आठवतंय? ते यांच्यापैकीच एक. लॅमिंग्टन रोडवरच्या पोराला आयबीएमची परवानगी मागावी लागली नाही, ती यामुळे.

घाटमाथा

मी गेली १८ वर्षं ह्यूस्टनमध्ये आहे, म्हणून दोन शब्द.

कॉम्पॅकचं मुख्यालय शहराच्या वायव्येला, २४९ नंबरच्या महामार्गावर होतं. झाडीत वसवलेल्या काचेच्या इमारती. मी आलो तेव्हा पाटी एचपीची होती, पण आमच्या मंडळातले जुने लोक "कॉम्पॅकला डावीकडे वळ" असाच पत्ता सांगायचे. त्यातला एक भाग पुढे लोन स्टार कॉलेजने घेतला. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी तिथेच शिकली.

शहरात 'समिट' नावाचं मोठं बंदिस्त स्टेडियम होतं, बास्केटबॉलचे सामने व्हायचे. १९९८ मध्ये त्याचं नाव कॉम्पॅक सेंटर झालं. आता तिथे लेकवुड चर्च भरतं. रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग असते. तिथून जाताना माझ्यासोबतचे एक आजोबा, जे डेस्कप्रोच्या काळात कॉम्पॅकच्या कारखान्यात होते, दरवेळी मान वळवून बघतात. बोलत काही नाहीत.

सोल्डरगन

पेचकस, लेख आवडला पण कॉम्पॅक स्वतःमुळे संपली हे पटलं नाही. कॉम्पॅकला एचपीने मारलं. एचपीच्या प्रमुख कार्ली फिओरिना यांनी २००१ मध्ये विलीनीकरण जाहीर केलं, एचपीच्या एका संस्थापकाचा मुलगा वॉल्टर ह्यूलेट जाहीरपणे विरोधात उभा राहिला, एचपीच्या भागधारकांत जेमतेम ५१.४ टक्के मतांनी ठराव पास झाला आणि मे २००२ मध्ये सगळं उरकलं. नंतर चांगलं ते एचपीच्या नावावर आणि स्वस्तातलं ते कॉम्पॅकच्या नावावर. दहा वर्षांत नावाची रया गेली. २०१३ मध्ये नाव बंदच केलं. याला दुसरं काय म्हणणार?

पेचकस

सोल्डरगन, तुमचा राग मला कळतो. प्रेसारिओची सीक्यू मालिका मीही दुरुस्त केली आहे. प्लास्टिक दाबलं की वाकायचं. ज्या कंपनीच्या डेस्कप्रोवर मी उभा राहून ट्यूबलाइट बदलली आहे, तिचं नाव त्या लॅपटॉपवर बघताना वाईट वाटायचं. पण दुखणं फार आधीचं आहे.

पहिली ठेच १९९१ ची. कॅनियन यांचा स्वभाव इंजिनिअरचा : उत्तम बनवू, किंमत थोडी जास्त लागेल. पण तोवर कुणीही तंतोतंत चालणारा पीसी बनवू शकत होता. डेल, एएसटी, पॅकार्ड बेल अर्ध्या-पाऊण किमतीत देत होते. गिऱ्हाईक विचारायला लागलं, सॉफ्टवेअर तेच चालतं ना, मग जास्त पैसे कशाला? कॉम्पॅकला इतिहासातला पहिला तोटा झाला, १,७०० लोकांना घरी पाठवावं लागलं. चेअरमन रोझन यांनी गुपचूप दोन माणसं पाठवून बाहेरच्या भागांतून मशीन किती स्वस्तात होतं ते पाहून घेतलं. आकडा कंपनीच्या स्वतःच्या खर्चापेक्षा बराच कमी निघाला. ऑक्टोबरमध्ये कॅनियन यांना जावं लागलं. ज्या माणसाने ताटाखालच्या कागदावरून कंपनी उभी केली त्याला संचालकांनीच बाहेर काढलं. मला ही गोष्ट कधीच सहज पचली नाही, आणि तरीही रोझन यांचं गणित चुकलं होतं असं म्हणवत नाही.

त्यानंतर एकहार्ड फायफर आले. त्यांनी किमती पाडल्या, १९९२ मध्ये प्रोलिनिया, १९९३ मध्ये प्रेसारिओ आणि प्रोलायंट सर्व्हर आणले. १९९४ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमला मागे टाकलं, जगात सगळ्यात जास्त पीसी तिचे. पाटीपेन्सिल ताईंच्या देवघरातली सीडी आली ती याच धोरणातून. म्हणजे स्वस्तात उतरणं हे एकदा औषध ठरलं होतं.

पण डेलने आणखी एक केलं, मधला दुकानदारच काढून टाकला. थेट फोनवर, मग इंटरनेटवर विक्री. मागणी आल्यावर मशीन जोडायचं, गोदामात माल नाही. कॉम्पॅक तर पहिल्या दिवसापासून विक्रेत्यांच्या जिवावर वाढलेली. "आम्ही थेट विकणार नाही" या शब्दावर दुकानदारांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. तो शब्द मोडायचा तर दुकानदार जाणार, पाळायचा तर डेल पुढे जाणार. या कात्रीतून ती कधीच सुटली नाही. २००१ मध्ये डेल पहिल्या नंबरवर गेली.

त्यात १९९७ मध्ये टँडम कंपनी आणि १९९८ मध्ये ९.६ अब्ज डॉलरला डिजिटल इक्विपमेंट ही कॉम्प्युटर कंपनी विकत घेतली. डिजिटल म्हणजे व्हॅक्स कॉम्प्युटरवाली, अल्फा प्रोसेसरवाली, अल्टाव्हिस्टा सर्च इंजिनवाली. ज्या गाईला स्वतःचंच वासरू सांभाळणं जड होतं तिच्या गळ्यात हत्ती बांधला. एप्रिल १९९९ मध्ये फायफर यांनाही काढलं. एचपी आली तेव्हा घर आधीच हललेलं होतं.

कोरा_कागद

आयपॅकबद्दल मी लिहू का? २००२ ते २००५ वापरलाय. मी डॉक्टर आहे, तेव्हा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. अमेरिकेतल्या दीराने ३६०० मालिकेतला पाठवला होता. रंगीत पडदा, उन्हातही वाचता येणारा. त्याला जॅकेट मिळायचं, म्हणजे मागून सरकवायची एक खोळ. त्यात मेमरी कार्ड बसायचं. औषधांच्या मात्रांचं कोष्टक मी त्यात घातलं होतं आणि राउंडला खिशातून काढून बघायचे. पेशंट टकामका बघायचे.

एकदा चार दिवस सासरी कोकणात गेले, चार्जर घरी विसरला. परत येऊन लावला तर सगळं कोरं. दीड वर्षाच्या नोंदी, १४० रुग्णांचे फॉलोअप, सगळं गेलं. तारीखसुद्धा पहिल्या दिवसाची दाखवत होता. मी दवाखान्यात बसून रडले होते. त्यानंतर आजपर्यंत रोज रात्री बॅकअप घेतल्याशिवाय झोपत नाही. तेव्हापासून मनात आहे, असं का व्हायचं?

पेचकस

डॉक्टर, वाचून वाईट वाटलं. त्याचं कारण असं. त्या काळच्या पॉकेट पीसीत तुम्ही घातलेली माहिती रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत राहायची. ऑपरेटिंग सिस्टिम वीज नसली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीमध्ये, म्हणून ती टिकली. रॅमला मात्र सतत वीज लागते. बॅटरी पूर्ण उतरली की रॅम रिकामी. नंतरच्या पिढीत, २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पासून, माहिती फ्लॅशमध्ये ठेवायची सोय आली.

आयपॅकचं मूळ कुठलं, ते सांगायलाच हवं. डिजिटल विकत घेणं अंगाशी आलं असं मी वर म्हटलं, पण त्यातून एक सोनं मिळालं. कॅलिफोर्नियातल्या डिजिटलच्या संशोधकांनी 'इट्सी' नावाचा तळहातावर मावणारा कॉम्प्युटर प्रयोग म्हणून बनवला होता. त्या कामातून २००० मध्ये आयपॅक आला. आत स्ट्राँगआर्म प्रोसेसर, २०६ मेगाहर्ट्झ. तो प्रोसेसरही मुळात डिजिटलचाच, नंतर इंटेलकडे गेलेला. किंमत ४९९ डॉलर. अमेरिकेत महिनोन्‌महिने दुकानात मिळत नव्हता इतकी मागणी.

कॉम्पॅकच्याच प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्यावर लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम चढवून दाखवली आणि सगळं काम जगाला खुलं करून दिलं. आज खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये एआरएम प्रोसेसर आणि लिनक्सची गाभ्याची प्रणाली असते, ही जोडी तिथे २००० सालीच चालत होती. आणि तो आयपॅक बनवून देत होती तैवानची एचटीसी. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आणला तो याच एचटीसीने. हात तेच होते.

विलीनीकरणानंतर एचपीने स्वतःची तशीच जॉर्नाडा मालिका बंद केली आणि आयपॅक ठेवला, एवढा तो वरचढ होता. पुढे त्यात फोन आला, जीपीएस आला, कीबोर्ड आला. पण २००७ मध्ये आयफोन आल्यावर त्या सगळ्या पिढीचे दिवस भरले. २००९ चा ग्लिसन हा शेवटचा. २०१० मध्ये एचपीने पाम ही फोन बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये तेही बंद केलं.

सोल्डरगन

कात्रीचा मुद्दा मान्य. डेलचं मी विसरलो होतो. पण एक राहिलं. प्रोलायंट हे नाव अजून आहे. आमच्या डेटा सेंटरमध्ये रॅकच्या रॅक भरलेत. कालच एकाचा पॉवर सप्लाय बदलला. हिरवी पट्टी दाबून बाहेर ओढायचा, मशीन बंदसुद्धा करावं लागत नाही. नवीन पोरांना ते नाव १९९३ पासून आहे आणि कॉम्पॅकचं आहे हे ठाऊकही नाही. उद्या सांगणार आहे.

पाटीपेन्सिल

दादा, माळ्यावरच्या कीबोर्डचं पुढे काय झालं? चालतो का?

पेचकस

सांगतो. काल संध्याकाळी भाच्याला घेऊन बसलो. आधी सगळ्या कळा काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या, प्लास्टिकचे पडदे स्पिरिटने पुसले, उन्हात वाळवले. त्याला विचारलं, ही वायर कुठे लावशील? त्याने शेवटचं गोल टोक हातात घेतलं, जांभळा रंग, आत सहा पिना. लॅपटॉपला चारही बाजूंनी बघून आला. अशी खाच त्याने कधी पाहिलेली नव्हती.

मग त्याला सांगितलं, या टोकाचं नाव पीएस/२. आयबीएमने ज्या पीएस/२ मशीनने दार लावून घ्यायचा प्रयत्न केला होता, त्यातूनच हे आलं. ती बस फारशी कुणी घेतली नाही, पण कीबोर्ड-माउसची ही गोल खाच सगळ्यांनी उचलली, कॉम्पॅकनेसुद्धा. त्याने ते टोक बराच वेळ बोटांत फिरवून पाहिलं.

माझ्या जुन्या डब्यात यूएसबीचा कन्व्हर्टर होता. जोडल्यावर तिन्ही दिवे एकदा लागून विझले. हा प्रतिसाद त्यावरूनच टंकतोय. 'एन'ची कळ मात्र अजून अडकते, मराठी टंकायच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत तिच्यावर 'ल' आणि 'ळ' येतात, त्यामुळे दर ओळीला थांबावं लागतंय. उद्या पुन्हा उघडू म्हणतो, भाचा शाळेतून आला की.